कारण लिहिल्याशिवाय कार्ड सरकत नाही

कार्यालयात दोन गोष्टी न बोलावता साचतात. एक धूळ, दुसरे किस्से. धूळ आमचे शिपाई मारोतभाऊ रोज सकाळी झटकतात. किस्से कुणी झटकत नाही. उलट चहाच्या वेळी त्यांच्यावर आणखी एक थर चढतो. मी विनोदी मनुष्य नाही. उभे आयुष्य शाळेत गेले, आणि मुख्याध्यापक हसला की शिस्त जाते, अशी माझी समजूत होती. पण मंडळी, हे किस्से मी सांगितले नाहीत तर मारोतभाऊ सांगतील, आणि त्यांचा हात मिठाला सैल आहे. म्हणून मीच सांगतो.

आधी थोडी ओळख. आमचा संघ बोडीवाल्यांचा. बोडी म्हणजे शेतातला लहान तलाव. आमच्या धानपट्ट्यात गावोगाव बोड्या आहेत. धानाला पाणी देऊन उरलेल्या पाण्यात सभासद मासे वाढवतात. पावसाळ्यात माशांची बोटाएवढी पिल्ले संघाच्या गाडीतून, ऑक्सिजनच्या पिशव्यांत, गावोगाव जातात. त्यांना बोटुकली म्हणतात. बोटुकली वेळेवर पडली नाही, तर बोडी वर्षभर रिकामी.

या संघाचा मी सचिव. गळ्यात तुळशीची माळ आहे; मासा मी खाल्लेला नाही. अध्यक्ष बापूराव माझ्याकडे आले तेव्हा मी हेच कारण सांगून नकार दिला. ते म्हणाले, "म्हणूनच तं तुमी पाह्यजे, गुरुजी! तुमच्या हाती मासा सुरक्षित आहे!"

मग वेबसाइट आली. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या वैशाली नावाच्या संगणक अभियंत्याने ती केली. बोटुकलीचे बुकिंग तिथेच करायचे, पण सभासद असेल त्यालाच आतले दार उघडणार. दार कुणाला उघडायचे आणि कुणाला नाही, ते ठरवण्यासाठी तिने आमच्या भिंतीवर एक मोठा स्क्रीन लावला. त्यावर पाच रकाने: अर्ज आला, पडताळणी, सभेपुढे, चालू, स्थगित. प्रत्येक माणसाचे एक कार्ड, त्यावर फोटो आणि नाव. कार्ड बोटाने सरकवायचे. 'चालू'त गेले की त्याच्या मोबाईलवर दार उघडते. 'स्थगित'मध्ये गेले की त्याच क्षणी बंद.

"याला कानबान बोर्ड म्हणतात, सर," वैशाली म्हणाली.

नाव काहीही असो. मला त्याची एक गोष्ट पटली. रांग सगळ्यांना दिसते. जे सगळ्यांना दिसते त्यात लबाडी करताना हात कापतो.

मी दोनच नियम घातले. कोणताही रकाना वगळून 'चालू'त जायचे नाही. आणि एका बोडीवर एकच चालू कार्ड. दुसऱ्या नियमामागे अनुभव होता. पूर्वी एकाच बोडीवर बाप-लेक दोघेही सभासद होऊन दुप्पट बोटुकली नेत, आणि दुसऱ्या कुणाची बोडी कोरडी राही.

* * *

पहिला किस्सा उद्घाटनाचाच.

नवी वस्तू कुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही, हा आमच्या घरचा शिरस्ता. मी नारळ फोडला, उदबत्ती लावली. पलीकडे बापूराव पाहुण्यांना मोबाईलवर वेबसाइट दाखवत होते. "पूर्वी चपला झिजत होत्या," ते सांगत होते. "आता निस्तं बोट लावा, सारं उघडते!"

मी बोर्डाच्या चौकटीवर हळदकुंकवाचे बोट टेकवले. चौकट अरुंद. बोट थोडे आत सरकले, आणि टिळा ओढताना त्याच्यासोबत एक कार्डही ओढले गेले.

"सर! टच आहे तो!" वैशाली ओरडली.

तोवर बापूरावांनी पाहुण्यांच्या देखत मोबाईलला बोट लावले होते. पडद्यावर ठळक अक्षरे आली: 'आपले सभासदत्व स्थगित आहे.'

बापूरावांनी मोबाईल पाहिला, बोर्ड पाहिला, माझे कुंकवाचे बोट पाहिले.

"गुरुजी," ते म्हणाले, "नारळ तुमी फोडला, अन् फुटलो मी!"

त्याच दिवशी वैशालीने बंदोबस्त केला. कार्ड सरकवले की एक चौकट उघडते: 'कारण लिहा.' कारण लिहिल्याशिवाय कार्ड सरकत नाही, आणि लिहिलेले कारण कार्डावर कायमचे दिसते. पहिले कारण मारोतभाऊंनी टाइप केले. बापूरावांचे कार्ड 'चालू'त परत आणताना त्यांनी लिहिले: 'कुंकू लागलं होतं.'

बापूराव म्हणाले, काही भारदस्त लिहा. मी म्हणालो, जे घडले तेच राहील. आजही अध्यक्षांच्या कार्डावर तेच आहे.

* * *

पडताळणीसाठी अर्जदाराने आपल्या बोडीतल्या मासळीचा फोटो पाठवायचा असतो. एका गृहस्थांचा फोटो आला. दोन्ही हातांत भला मोठा रोहू, मागे पाणी, चेहऱ्यावर समाधान. फोटो इतका चांगला होता की मारोतभाऊ म्हणाले, "क्यालेंडरवर छापा."

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. रोहूच्या कल्ल्यात एक पांढरा खडा चकाकत होता.

मी फोन लावला. "आपल्या बोडीत बर्फ कसा जमतो?"

 पलीकडून आवाज आला, "आमच्या इकडचं पाणी थंडच राह्यते, गुरुजी."

मे महिन्यात. चंद्रपुरात!

रेल्वेने बल्लारपूरला बर्फाच्या पेट्यांतून मासा उतरतो, हे कुणाला ठाऊक नाही? या गृहस्थांना बोडीच नव्हती. आमची बोटुकली नेऊन बाहेर विकायचा विचार होता. मी कार्ड 'स्थगित'मध्ये टाकले. कारणाच्या चौकटीत एकच शब्द लिहिला: 'बर्फ.'

"गुरुजीच्या नजरेतून काटाबी सुटत नाई," मारोतभाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. मला त्या बोलण्याचा थोडा अभिमान वाटला, हेही नमूद करतो.

* * *

कोसंबतळ्याचे दोघे भाऊ, नथ्थू आणि गणपत. त्यांच्या दोन बोड्या एकाच पाळीला, म्हणजे काठाच्या बांधाला, लागून, आणि त्या पाळीवरून दोघांचे बोलणे बंद. कशावरून, ते आता त्यांनाही नीट सांगता येत नाही.

बोर्डावर कार्डे गावानुसार लागतात. कोसंबतळ्याच्या गटात थोरल्या नथ्थूखाली धाकट्या गणपतचे कार्ड आले. एका बाजारच्या दिवशी दोघे वेगवेगळ्या वेळी कार्यालयात आले आणि दोघांनीही बोर्ड पाहिला.

"याच्या खाली मी?" गणपत म्हणाला. "जमत नाई. काढा मले."

तासाभराने नथ्थू. "हा माह्या अंगाले काऊन चिकटवला? सरकवा त्याले तिकडे!"

मी म्हणालो, "अहो, ही कार्डे आहेत."

"कार्डच तं म्हणून राह्यलो मी!"

मारोतभाऊ चहा गाळत होते. "मधात धुरा घालू काय भाऊ?" त्यांनी विचारले. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध.

आणि खरोखरच त्यांनी धुरा घातला! त्याच गावचे देवाजी म्हणून सभासद होते. उंच, काळासावळा माणूस. फोटोत खांद्यावर दुपट्टा आणि तोंडभर हसू. रकाना तोच राहत असल्याने कारण विचारले गेले नाही. मारोतभाऊंनी देवाजीचे कार्ड उचलून दोघा भावांच्या मधोमध बसवले.

देवाजी कार्यालयात आले तेव्हा त्यांनी बोर्डाकडे पाहून कपाळावर हात मारला. "गावात मीच यायच्या मधात. इथीबी मीच? मारोत, मले पगार तं लाव!"

असे म्हणून ते हसले; ते हसणे मी ऐकले ते शेवटचे. ज्येष्ठ संपता संपता देवाजी गेले. ताप आला, अंगावर काढला, आणि गेले.

* * *

हा किस्सा नव्हे. पण याच्याशिवाय पुढचे कळणार नाही.

पाऊस लागल्यावर देवाजींच्या पत्नी शेवंताबाई आल्या. पतीची बोडी आता त्याच सांभाळणार होत्या. अर्ज त्यांनी रीतसर केला होता. कार्ड एकेक रकाना ओलांडत 'सभेपुढे'पर्यंत आले, सभेने मंजूरही केले. आता फक्त एक पाऊल, 'चालू'. पण तिथे त्याच बोडीवर देवाजींचे कार्ड अजून होते.

"शेवंताबाई, देवाजींचे कार्ड स्थगित करतो. मग तुमचे चालू होईल," मी म्हणालो.

"त्यायले सरकवू नका, गुरुजी."

मला वाटले, दुःख ताजे आहे. मी समजावू लागलो. त्यांनी मध्येच थांबवले.

"तसं नाई. आमच्या गावची रीत आहे. ज्याच्या हातानं माशाचं बीज सुटलं, त्याच्याच नावानं जाळं पडते. त्यायच्या हातचे कटले अजून पाण्यात आहेत, दोन वर्षाचे. जाळं पडन तवा नाव उतरन."

"मग जाळे टाका."

"सुतकात जाळं पडत नाई. सुतक फिटलं तं पाणी पाळीले टेकलं. आता दिवाळीउपरांत पाणी उतरन तवाच."

"तोवर बुकिंग बंद झालेले असेल, बाई."

"माहीत आहे ना."

मारोतभाऊंनी चहाचा पेला पुढे केला आणि हळूच म्हणाले, "बाई, देवाजीभाऊचा मोबाईल घरीच असन ना? त्याचं कार्ड चालू आहे. त्याच्यावरूनच करून टाका बुकिंग. कोण पाहून राह्यलं?"

मी काही बोलण्याआधीच शेवंताबाई बोलल्या. "अन् बीज माह्या हातानं सोडू? मेलेल्या माणसाच्या नावानं मागू, अन् जित्या हातानं सोडू? नाई भाऊ. त्यायचं नाव त्यायच्या माशापुरतं. माहं बीज माह्या नावानं."

मारोतभाऊंनी मान खाली घातली.

बाई चुकत नव्हत्या. नियमही चुकत नव्हता. दोन बरोबर गोष्टी एकाच बाकावर येऊन बसल्या की मधल्या माणसाला टेकायला जागा उरत नाही.

त्या दर बाजारच्या दिवशी येत राहिल्या. भाजीची पिशवी पायाशी ठेवून बोर्डासमोरच्या बाकावर बसत. एका रकान्यात त्या, पुढच्यात देवाजी, हसणारे. काही मागत नसत. चहा घेत, बोर्ड पाहत, आणि बसची वेळ झाली की उठत. त्या गेल्यावरही मला तो बाक रिकामा दिसत नसे. सकाळच्या जपात माळ पुढे जाई आणि मन मागे, त्या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर अडकून राही.

* * *

त्याच दिवसांत देवाचा प्रसंग झाला.

आलापल्लीकडच्या एका अर्जदाराने फोटोच्या जागी आपला फोटो न पाठवता देव्हाऱ्यातल्या विठ्ठलाचा पाठवला. नाव अर्जदाराचे, मूर्ती विठ्ठलाची, आणि कार्ड 'अर्ज आला'मध्ये. सकाळी बोर्ड लावला आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

पण पुढे काय? फोटो चुकीचा असेल तर अर्ज 'स्थगित'मध्ये जातो. मी मारोतभाऊंना म्हणालो, "सरकवा."

मारोतभाऊ चार पावले मागे गेले. "देवाले स्थगित कोण करन? मी तं नाई! माह्या घरी लेकरं आहेत!"

मी बापूरावांना विचारले. ते म्हणाले, "हा निर्णय सचिवाच्या अखत्यारीतला आहे."

वैशालीला फोन केला. ती म्हणाली, "सर, मग 'चालू'त टाका. बोटुकली देवालाच जाईल."

मी अर्जदाराला फोन लावला. तो अगदी साध्या मनाने म्हणाला, "गुरुजी, बोडीचा मालक तोच. मी निस्ता राखणदार."

 भक्ती खरी होती. तिच्याशी वाद घालण्याचा मला अधिकार नव्हता. पण संघ चालवायचा होता.

"त्याची पडताळणी मला करता येत नाही," मी म्हणालो. "तोच माझी करतो. तुमची तेवढी करता येईल. तुमचा फोटो पाठवा."

फोटो आला. पण कार्डावरचा जुना फोटो काढण्यापूर्वी मारोतभाऊंनी चपला बाहेर काढून ठेवल्या!

* * *

बुकिंग संपायला थोडे दिवस उरले तसे सगळेच उतावीळ झाले. फोन थांबेना. पाऊस पत्र्यावर इतका वाजे की बोलणारा कोण आणि काय मागतो, हे दोनदा विचारावे लागे. आणि त्यातच एके दुपारी बापूराव भाच्याला घेऊन आले.

"याचं कार्ड सरळ चालूत टाका, गुरुजी. याची बोडी चांगली आहे. मी स्वतः पाहिली."

"अर्ज कालच आलाय. पडताळणी, सभा, मग चालू."

"माह्या शब्दावर सभा हो म्हणनच. मग वेळ काऊन घालवायचा?"

कार्यालयात आठ-दहा सभासद पावसामुळे आडोशाला उभे होते. शेवंताबाईही बाकावर होत्या. मी उठलो, भाच्याचे कार्ड 'अर्ज आला'तून उचलले आणि 'चालू'च्या दिशेने ओढले. बापूरावांचा चेहरा खुलला.

चौकट उघडली: 'कारण लिहा.'

मी टाइप केले. अक्षरे भिंतीवर भली मोठी उमटत गेली: 'अध्यक्षांचा भाचा.'

"शेवटचे बटण आपण दाबा," मी म्हणालो. "कार्डावर हे कायम राहील."

कुणी हसले नाही. पण एवढी माणसे न हसता उभी असली की तो आवाज हसण्यापेक्षा मोठा असतो. भाच्याचे कान लाल झाले. तोच पुढे आला.

"मामा, राहू द्या. मी रांगेतून येतो." आणि मला म्हणाला, "पुसता येईल का, गुरुजी?"

"अजून सरकलेले नाही. पुसता येईल."

बापूराव दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच आले आणि म्हणाले, "तुमी मास्तर होते ते बरंच. पोलीस असते तं घरच्यायलेबी धरलं असतं!"

त्या संध्याकाळी वैशालीचा फोन आला. भाच्याचा किस्सा तिच्यापर्यंत पोचला होता. ती हसली, पण लगेच थांबली.

"सर, एक बोलू? शेवंताबाईंचं. माझ्या बाजूने एकच ओळ बदलायची आहे. त्यांच्या बोडीवर दोन कार्डे चालतील. फक्त त्यांच्यासाठी. कुणाला दिसणारही नाही."

"कुणाला दिसणार नाही, म्हणूनच नको," मी म्हणालो. "एका चांगल्या बाईसाठी पाडलेले भोक पुढच्या भाच्यालाही पुरते."

"मग त्यांची बोडी रिकामी राहील, सर."

"हो."

"तुम्हाला चालेल?"

मी फोन ठेवला. न चालणारी गोष्टही कधीकधी करावी लागते, हे मी मुलांना वर्षानुवर्षे शिकवले. शिकवणे सोपे होते.

* * *

आणि हा शेवटचा.

बुकिंगचा शेवटचा दिवस गुरुवार होता. दुपारी बाराला यादी बंद, कारण त्यानंतर गाडीत पिशव्या भरायला घेतात. सकाळपासून उघडीप होती. मी पूजा आटोपून लवकरच आलो. बोर्ड लावला. 'सभेपुढे'त एकच कार्ड उरले होते.

दहा वाजले. शेवंताबाई आल्या, नेहमीच्या बाकावर बसल्या. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले की नाही, ठाऊक नाही. मारोतभाऊ पुसलेलाच पेला पुन्हा पुसत होते.

"बाई, अजून विचार करा," मी शेवटी म्हणालो.

"केला, गुरुजी. जाळं पडल्याबिगर नाव कसं उतरवू? पाण्यात त्यायचे मासे फिरून राह्यले, अन् मी इथी त्यायले पुसून टाकू?"

"मग वर्ष रिकामे जाईल."

"जाईन." त्यांनी पदर सारखा केला. "पण मन हालून राह्यलं, हे खरं."

साडेअकराच्या सुमारास बाहेर मोटरसायकल थांबली. मग कुणीतरी कुणावर तरी खेकसले.

"नीट धर!"

"तू धर नीट! शेपूट तुह्याकडं आहे!"

मारोतभाऊंच्या हातातला पेला जागीच थांबला. ते आवाज आम्ही दोघांनीही ओळखले. पण एकाच वेळी, एकमेकांशी, असे ते आवाज आम्ही कधी ऐकले नव्हते.

दारातून नथ्थू आणि गणपत आत आले. दोघांच्या मध्ये एक कटला होता. नथ्थूच्या हातात डोके, गणपतच्या हातात शेपूट, आणि तो एवढा मोठा की दोघांनाही पाय फाकवून चालावे लागत होते. त्यांनी तो माझ्या टेबलावर, बोर्डाच्या बरोबर खाली, आडवा ठेवला. मी कागद बाजूला घेतले.

"देवाजीच्या बोडीतला," नथ्थू म्हणाला. धाप लागली होती. "जाळं पडलं, गुरुजी. सकाळीच पडलं."

"पाळीला टेकलेल्या पाण्यात?"

"पडलं," गणपत म्हणाला.

"दोघांनी मिळून टाकले?"

दोघे एकमेकांकडे पाहून लगेच दुसरीकडे पाहू लागले. "जाळ्याले दोन टोकं राह्यते ना, गुरुजी," नथ्थू म्हणाला.

शेवंताबाई उठून टेबलाजवळ आल्या. पाण्याकाठच्या बायका मासा पारखतात तशी त्यांनी कल्ल्यात दोन बोटे घातली. बोटे आत गेली आणि तिथेच थबकली. मग त्यांनी ती हळूच बाहेर काढली आणि पदराला पुसली. एकदा नथ्थूकडे पाहिले, एकदा गणपतकडे.

"कटलाच होय," त्या म्हणाल्या.

त्यांनी देवाजींच्या फोटोकडे पाहून हात जोडले. मग माझ्याकडे वळल्या. "त्यायचं जाळं पडलं, गुरुजी. आता सरकवा."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कटल्याच्या कल्ल्यातून पाण्याची एक बारीक धार निघाली होती. टेबलाच्या कडेपर्यंत येऊन ती थेंबाथेंबाने खाली पडत होती. कल्ल्याच्या आत काहीतरी पांढरे होते, आणि पाहता पाहता लहान होत होते. नथ्थू ते पाहत होता. गणपत ते पाहत होता. मारोतभाऊही पाहत होते. मासा पारखता न येणारा त्या खोलीत कुणीच नव्हता.

घड्याळात बाराला थोडाच अवकाश होता.

मारोतभाऊ बोर्डापाशी गेले. देवाजींच्या कार्डावर बोट ठेवून ते थांबले. "देवाजी निघाला की तुमी दोघं लागून येता हो," ते भावांना म्हणाले. "पाहा बरं. मागून बोंबलू नका."

"येऊ द्या," नथ्थू म्हणाला.

 गणपतने मान डोलावली.

मारोतभाऊंनी कार्ड ओढले. देवाजी हसत हसत 'चालू'तून निघाले आणि 'स्थगित'च्या कडेवर येऊन थांबले. भिंतीवर चौकट उघडली.

"कारण काय लिवू, गुरुजी?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. टेबलाखाली थेंब पडत होते.

"लिहा," मी म्हणालो. "जाळे पडले."